“तीन महिने वैद्यांकडे बघू, मग केमो”: आईच्या गाठीसाठी थांबावं का?

प्रश्न (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून, थोडक्यात): आईचं वय ६१. डाव्या स्तनात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत कर्करोग आला. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं लिहिलं आहे. काखेत संशयास्पद गाठ दिसली नाही. सर्जन म्हणाले, आधी ऑपरेशन करू, मग रिपोर्ट बघून पुढचं ठरवू, केमो लागू शकते. घरात मात्र ‘केमो’ एवढाच शब्द पोचला. शेजारच्या काकू केमो चालू असतानाच गेल्या, त्यामुळे आई घाबरली आहे. “केस जाऊन, खंगून मरण्यापेक्षा झाडपाला बरा,” म्हणते. मामांच्या ओळखीच्या वैद्यांनी तीन महिन्यांचा कोर्स सांगितला आहे. त्यात गुळवेलीचा काढा, एक पुडी, गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क आहे, शिवाय दूध, साखर, मीठ पूर्ण बंद. खर्च ४५ हजार. “गुण आला नाही तर केमो आहेच की,” असं मामांचं म्हणणं. बायोप्सीला पाच आठवडे होऊन गेले. ऑपरेशन व्हावं असं म्हणणारी घरात मी एकटीच. कोण बरोबर? आणि दोन्ही उपचार एकत्र चालतील का?

उत्तर:

ताई, आधी एक गोष्ट नीट बघू या. तुमच्या घरात भांडण केमोवरून चाललं आहे, पण सर्जननी केमो अजून ठरवलेलीच नाही. ठरलं आहे ते ऑपरेशन. तुम्ही कळवलेला रिपोर्ट बघता आईचा कर्करोग संप्रेरकांवर (हार्मोनवर) वाढणारा आहे. पाळी बंद झालेल्या, काखेत पसार नसलेल्या अशा पुष्कळ स्त्रियांना ऑपरेशननंतर केमो लागतच नाही. त्यांचा मुख्य उपचार रोजची एक गोळी असते, लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, निदान पाच वर्षं. २०१८ साली ‘टेलरएक्स’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. काख स्वच्छ असलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या ज्या स्त्रियांचा गाठीच्या जनुकीय तपासणीतला गुणांक २५ किंवा त्याखाली होता, त्यांना केमोचा वेगळा फायदा झाला नाही. ही परदेशी तपासणी महाग आहे, खर्च लाखांत जातो. आपल्याकडे विकसित झालेली ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ तिच्यापेक्षा स्वस्त पडते. म्हणून पुढच्या भेटीत सर्जनना थेट विचारा: “आईला केमो लागण्याची शक्यता किती? ते ठरवायला अशी तपासणी करता येईल का? अडीच सेंटिमीटरच्या गाठीला पूर्ण स्तन काढावा लागेल, की फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन चालेल?” हे शेवटचं, लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात ते. या तीन उत्तरांनंतर आईची भीती कदाचित निम्म्यावर येईल, कारण ती ज्याला घाबरते आहे ते तिच्या वाट्याला येईलच असं नाही.

आता मामांच्या तीन महिन्यांबद्दल. वरवर ते समजूतदारपणाचं वाटतं: करून बघू, नाही जमलं तर दुसरा रस्ता आहेच. पण तीन महिन्यांनी गुण आला की नाही, हे ठरवणार कशावरून? स्तनातली अशी गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे “दुखणं थांबलं” ही खूण नाही. भूक लागली, तरतरी आली, ही तर मुळीच नाही. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि स्टेरॉइडने भूकही लागते, बरंही वाटतं. गाठ मात्र आपली वाढतच असते. शिवाय आज मोकळी असलेली काख तीन महिन्यांनी मोकळी असेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. काखेत पसरलं, तर ज्या केमोला टाळण्यासाठी हे सगळं चाललं आहे तीच केमो लागण्याची शक्यता वाढते. “केमो आहेच की” हे म्हणणं इथे फसतं. उपचार तोच राहतो, पण त्याने बरं होण्याची संधी तेवढी राहत नाही.

उशिराची किंमत मोजली गेली आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पाच आठवडे गेले म्हणून सगळं हातचं गेलं असं अजिबात नाही. तपासण्या, पैशांची जुळवाजुळव, दुसऱ्या डॉक्टरांचं मत यात एवढा वेळ जातोच. पण यापुढे आणखी तीन महिने मुद्दाम घालवणं वेगळं. अमेरिकेतला २०१८ चा एक अभ्यास आहे. कर्करोग अजून दूर पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ जणांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. स्तनाच्या कर्करोगात पहिल्या गटातला मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. हा फरक सगळ्या कर्करोगांत सारखा नव्हता, फुफ्फुसाच्या कर्करोगात तो दुपटीच्या आसपास होता. स्तनात एवढा मोठा निघण्याचं कारण दुःखद आहे: हा कर्करोग वेळेत उपचार घेतले तर बरा होण्यासारखा असतो, म्हणून उपचार सोडले की गमवायलाही तेवढंच जास्त असतं.

शेजारच्या काकूंचं काय झालं, हेही जरा खोलात विचारा. कोणता कर्करोग होता? कितव्या टप्प्यावर कळला? केमो सुरू करताना तो यकृतात, हाडांत गेला होता का? शेवटच्या टप्प्यात केमो आयुष्य थोडं लांबवायला किंवा त्रास कमी करायला देतात. तिथे माणूस गेला तर डोळ्यांसमोर केमो राहते, आजार मागे पडतो. केमो निरुपद्रवी आहे असं नाही, तिच्याने जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो. पण काकूंच्या आजारावरून आईच्या गाठीचा निष्कर्ष काढता येत नाही. बरे झालेल्यांच्या गोष्टींचंही तसंच. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कर्करोग कडुनिंब, हळद, लिंबूपाणी आणि पथ्याने गेल्याचं सांगितलं, आणि ते गावोगावच्या मोबाइलवर फिरलं. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, केमोही झाली होती. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून लोकांना सांगितलं, की यावर विसंबून उपचार सोडू नका. कोणी “अमुक झाडपाल्याने बरा झाला” म्हणालं की एवढंच विचारावं: आधी ऑपरेशन झालं होतं का?

आईच्या “झाडपाला बरा” या म्हणण्यात एक समजूत लपली आहे, की झाडातलं ते सौम्य आणि दवाखान्यातलं ते जहाल. अंगणातली सदाफुली घ्या. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधं तिच्यातूनच आली, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही लागतं. त्याचा एका वेळचा डोस साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तोही फक्त शिरेतून. सदाफुलीची पानं चावून पोटात किती जातं आणि त्यातलं रक्तात किती पोचतं, हे कोणालाच मोजता येत नाही. आपल्या सह्याद्रीतलं नरक्याचं झाडही बघा. त्यातलं कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होण्याइतकं विषारी ठरलं, आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच रेणूत बदल करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान तयार झाली. म्हणजे वनस्पतीत गुण नाहीत असं कोणी म्हणत नाही. गुण किती, कोणत्या मात्रेत, कोणत्या मार्गाने आणि इजा किती, हे मोजून जे टिकलं तेच आज सलाइनमधून मिळतं.

वैद्यांच्या कोर्समधली एकेक गोष्ट पाहू. गुळवेलीबद्दल सांभाळून राहा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. नंतर देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली. सगळ्यांना असं होत नाही. पण केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. यकृताचे आकडे बिघडले की डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, आणि ऐन उपचारात ही जोखीम घेण्यासारखी नाही. ज्या पुडीत काय आहे हे कळत नाही ती पोटात जाऊच देऊ नका. भस्मं आणि रसौषधींमध्ये पारा, शिसं, आर्सेनिक असू शकतं. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाचातल्या एकात हे जड धातू सापडले होते. गव्हांकुराचा कच्चा रस आणि गोमूत्र यांनी कर्करोग जातो याला पुरावा नाही. केमोमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या रसातून जंतू पोटात जाण्याचा धोका मात्र खरा आहे.

सर्वांत जास्त काळजी मला पथ्याची वाटते. “साखरेवर कर्करोग पोसतो” हे अर्धवट ऐकलेलं असतं. पेट स्कॅनमध्ये गाठ साखर जास्त ओढते हे खरं, पण तुम्ही साखर सोडली म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. शरीर ती भाकरीतून, आणि अखेर स्नायू मोडूनही तयार करतं. वरचा साखरेचा चहा आणि गोडधोड कमी करा, चांगलंच आहे. पण दूध, मीठ, साखर सगळं एकदम तोडलं की बाई अशक्त होते, जखम भरायला वेळ लागतो आणि पुढचा उपचार सोसत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईचं वजन ५५ किलो धरलं तर ६५ ते ८० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधा-दह्यातून १६ ते १७, वाटीभर घट्ट वरणातून ७, वाटीभर मटकीच्या उसळीतून ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७, ५० ग्रॅम पनीरमधून ९ आणि दिवसभराच्या भाकरी-पोळ्यांतून १० ग्रॅमच्या आसपास मिळतात. अंडी चालत नसतील तर पनीर आणि डाळ वाढवा, मासे-कोंबडी चालत असेल तर फार सोपं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. महिन्याभरात दोन-तीन किलो उतरलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

तुमचा दुसरा प्रश्न, दोन्ही एकत्र चालतील का? काही गोष्टी चालतात, आणि त्या आईला मनापासून करू द्याव्यात. प्राणायाम, हलकी योगासनं आणि चालणं यांनी थकवा, झोप आणि मनाची घालमेल यात फरक पडतो, हे चाचण्यांतून दिसलं आहे. पुढे केमो लागलीच तर मळमळीसाठी सुंठीचा उपयोग होतो. रोज अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे पाव ते अर्धा चहाचा चमचा, केमोच्या तीन दिवस आधीपासून. मात्र उलटीच्या गोळ्यांबरोबर घ्यायची, त्यांच्याऐवजी नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी विचारून. तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. देवाचं, जपाचं, भजनाचं जे आईला धीर देतं ते चालूच राहू दे.

काही गोष्टी मात्र चालत नाहीत. भाजी-आमटीतली हळद बिनधास्त घाला, पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत, विशेषतः मिरीचं सत्त्व घातलेल्या. ते सत्त्व इतर औषधांचंही प्रमाण बदलतं. टॅमॉक्सिफेन (संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची आणखी एक गोळी) घेणाऱ्या स्त्रियांच्या एका छोट्या अभ्यासात या जोडीमुळे औषधाचा उपयोगी अंश रक्तात कमी झालेला आढळला. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून अश्वगंधा, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल, सगळे काढे बंद ठेवा आणि भूलतज्ज्ञांना आधी काय घेतलं ते सांगा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना बस्ती किंवा एनिमा घेऊ नये. गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला ओरखडा गेला तरी जंतू रक्तात शिरतात. जुलाब करवणाऱ्या विरेचनाने पाणी आणि क्षार जातात, तेही नको. जर्दाळूच्या कडू बिया ‘बी-१७’ म्हणून विकतात, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. अमेरिकेत १७८ रुग्णांवर याची चाचणी झाली, १९८२ मध्ये निकाल आले. कर्करोगाला काही फरक पडला नाही, काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीला पोचलं.

मामांशी आईसमोर वाद घालू नका. ते बहिणीच्या काळजीपोटीच बोलताहेत. त्यांना पुढच्या भेटीला सर्जनकडे सोबत न्या आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या. वैद्यांकडेही तुम्ही जा. त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. प्रत्येक औषधाचं नाव, घटक, कंपनी लिहून मागा. मग शांतपणे म्हणा, “ऑपरेशन न करता या औषधाने कर्करोग बरा होईल, असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या.” नोंदणीकृत आणि प्रामाणिक वैद्य हे लिहून देणार नाही. उलट “आधी ऑपरेशन करून घ्या, ताकद भरून यायला मी मदत करतो,” असंच म्हणेल. तसं म्हणणारा वैद्य भेटला तर त्याच्या औषधांची यादी कर्करोगतज्ज्ञांना दाखवून पुढे जाता येईल. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, हेही मामांना माहीत असू दे.

पैशांचा प्रश्न असेल तर ४५ हजार कोणाला देण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात, आणि कर्करोगाची ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतात. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट बरोबर ठेवा. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि काचा (स्लाइड) मागून घेतल्या तर दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घेताना पुन्हा सुई टोचावी लागत नाही. दुसरं मत जरूर घ्या, पण आठ-दहा दिवसांत.

आईशी एकटीने बोला, आणि समजावण्याआधी ऐका. तिला केसांची भीती आहे, की स्तन जाण्याची, की मुलांवर ओझं होण्याची? प्रत्येकीला वेगळं उत्तर आहे. केमो लागलीच तरी ती संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस परत दिसू लागतात. स्तन बहुधा वाचवता येईल. ओझ्याचं उत्तर मात्र डॉक्टर देऊ शकत नाहीत, ते तुम्हालाच द्यायचं आहे, तेही शब्दांपेक्षा वागण्यातून.

हे सगळं करूनही ती “ऑपरेशन नको” म्हणाली, तर शेवटी शरीर तिचं आहे. जबरदस्ती करू नका, आणि डॉक्टरांशी संबंधही तोडू देऊ नका. तिच्यासारख्या रुग्णाला ऑपरेशनआधीच लेट्रोझोलची गोळी सुरू करता येते का, हे सर्जनना विचारा. ही गोळी ऑपरेशनची जागा घेत नाही. पण आई विचार करते आहे तोवर गाठीवर काहीतरी खरा उपचार चालू राहतो, आणि बऱ्याच जणींची गाठ त्याने लहानही होते. त्याच भेटीत पुढच्या सोनोग्राफीची तारीख ठरवून घ्या. गाठ वाढलेली किंवा काखेत काही आलेलं दिसलं तर ऑपरेशन करायचं, हे आई आणि मामा दोघांकडून आत्ताच कबूल करून घ्या आणि फाइलवर लिहून ठेवा.

ज्यांच्या घरी कर्करोग आधीच दूरवर पसरला आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. तिथे वेदना कमी करणारे डॉक्टर लवकर गाठा, मॉर्फिनला घाबरू नका, आणि कडक पथ्याने रुग्णाचा उरलेला घास काढून घेऊ नका. आणि केमो कोणाचीही चालू असो, ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की काढा उकळत बसू नका, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, “केमो चालू आहे, ताप आला आहे.”